स्टेटस गेलं तरी शाळा जात नाही: अमेरिकेत कागद नसलेल्या मुलाला सरकारी शाळेत कसं घालायचं

स्टेटस, म्हणजे अमेरिकेत कायदेशीर राहण्याची परवानगी, गेलं म्हणजे मुलाची शाळा गेली, असं होत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या मुलाचा व्हिसा चालू असो, संपलेला असो की कधी नव्हताच असो, बारावीपर्यंतची सरकारी शाळा त्याला फुकट आहे. ही कुणाची मेहेरबानी नाही. १९८२ पासून सुप्रीम कोर्टाचा निकाल त्याच्या पाठीशी आहे. तरी उन्हाळ्याची सुट्टी संपत आली की दबक्या आवाजात विचारणा सुरू होते: "ताई, शाळेत नाव घातलं तर आइसला कळेल का हो?" आइस म्हणजे कागद नसलेल्यांना पकडून परत पाठवणारं सरकारी खातं.

हे सगळं मेक्सिकोकडच्या लोकांचं, आपला काय संबंध, असं कुणी म्हणू नये. एच-वन-बी व्हिसावरची नोकरी गेली आणि ६० दिवसांची मुदत उलटली, एक्स्टेन्शनचा अर्ज नामंजूर झाला पण ते कळेपर्यंत आय-९४ (किती दिवस राहता येईल त्याची नोंद) केव्हाच संपलं होतं, एजंटला पैसे देऊन डंकीने (चोरट्या वाटेने) आलो, अशी घरं आपल्यातही आहेत. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, त्यात ३ जण महाराष्ट्रातले होते. आपल्याकडे ही गोष्ट मंडळाच्या गणपतीत कुणी बोलत नाही, एवढाच फरक.

हक्क नेमका कशाचा

टेक्सासने १९७५ मध्ये कायदा केला की कायदेशीर प्रवेश नसलेल्या मुलांसाठी शाळांना राज्याचा पैसा मिळणार नाही. टायलर गावच्या शाळांनी मग अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला १,००० डॉलर फी लावली. चार मेक्सिकन कुटुंबांनी टोपणनावाने दावा लावला. पालकांना कुणी ओळखू नये म्हणून न्यायाधीश विल्यम वेन जस्टिस यांनी सुनावणी सकाळी ६ ला ठेवली, आणि काही जण तिथूनच आपल्याला देशाबाहेर काढतील या भीतीने सामान गाडीत भरून आले होते. प्रकरण वर गेलं. १५ जून १९८२ ला 'प्लायलर विरुद्ध डो' खटल्याचा निकाल ५ विरुद्ध ४ मतांनी लागला. न्यायमूर्ती ब्रेनन यांच्या निकालाचा गाभा असा: घटनेची चौदावी दुरुस्ती समान संरक्षण देते ते राज्याच्या हद्दीतल्या प्रत्येक व्यक्तीला, फक्त नागरिकांना नाही, आणि आईबापांनी केलेल्या गोष्टीची शिक्षा लेकरांना देता येत नाही.

निकाल एका मताच्या फरकाने लागला, हे विसरू नका. कॅलिफोर्नियाने १९९४ मध्ये आणि अलाबामाने २०११ मध्ये त्याला वळसा घालून पाहिला, दोन्ही प्रयत्न कोर्टात पडले. एप्रिल २०२५ मध्ये टेनेसीच्या सिनेटने पुन्हा तसंच विधेयक मंजूर केलं. उलट इलिनॉयने २०२५ मध्येच हा हक्क राज्याच्या कायद्यात लिहून घेतला. म्हणून आपल्या राज्यात काय चाललंय, त्याची बातमी ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला 'आता शाळा बंद' असा मेसेज म्हणजे बातमी नव्हे.

हक्क किंडरगार्टन ते बारावी, सरकारी शाळेपुरता आहे. चार्टर शाळा (सरकारी पैशावर चालणारी, पण स्वतंत्र कारभाराची) सरकारीच धरली जाते; खासगी शाळेला हा हक्क लागू नाही. त्याआधीच्या, गरीब घरांतल्या लहानग्यांसाठीच्या हेड स्टार्टसारख्या योजनांचा वाद २०२५ मध्ये कोर्टात गेला, तेव्हा तिथे स्थानिक केंद्राला विचारूनच पुढे जा.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्यात आपले लोक हमखास फसतात. एच-४, एल-२, एफ-२ या व्हिसांवर आईबापांसोबत आलेली मुलं सरकारी शाळेत बिनदिक्कत शिकू शकतात. पण बी-२ टुरिस्ट व्हिसावर आलेल्या मुलाला शाळेत घातलं, तर शाळा अडवणार नाही, व्हिसाचा नियम मात्र मोडतो आणि पुढच्या अर्जात ते अंगाशी येऊ शकतं. मुलाचा स्वतःचा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) असेल, तर सरकारी प्राथमिक शाळा चालत नाही, आणि हायस्कूल फार तर १२ महिने, तेही पूर्ण खर्च भरून. "चार महिने आलोच आहोत तर पोराला शाळेत बसवू" असा बेत असेल, तर आधी वकिलाला विचारा. ज्याचं स्टेटस आधीच गेलंय, त्याला ही अडचण नाही, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण तसंच आहे.

पहिलं काम: फाइल हलकी करा

आपल्याला सवय कशी असते? कुठल्याही कचेरीत जाताना सगळ्या कागदांची जाडजूड प्लॅस्टिक फाइल काखोटीला मारायची, आणि खिडकीवरच्या बाईंनी एक मागितला की आपण होऊन पाच पुढे करायचे. आधार, पॅन, पासपोर्ट, लग्नाचा दाखला, सगळ्याच्या झेरॉक्स. भारतात ही सवय कामाला येते. इथे ती महागात पडू शकते. जो कागद शाळेच्या रेकॉर्डमध्ये गेलाच नाही, तो पुढे कुणी मागितला तरी मिळत नाही. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

शाळेला तीन-चार गोष्टी कळायला हव्या असतात. मूल किती वर्षांचं आहे, ते याच डिस्ट्रिक्टमध्ये (त्या शाळांच्या हद्दीत) राहतं का, लसी झाल्यात का, आणि आधी कुठे शिकत होतं.

वयासाठी जन्मदाखला पुरतो. महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा चालतो. परदेशी दाखला आहे म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. दाखला फक्त मराठीत असेल तर शेजारी इंग्रजी भाषांतर जोडा. दाखल्यावर मुलाचं नाव नोंदवलेलं नसेल, तर नावाचा रकाना कोराच असतो. तेव्हा शाळेला विचारा की वयाचा दुसरा कोणता पुरावा चालेल. बहुतेक ठिकाणी डॉक्टरचं रेकॉर्ड किंवा पालकांचं प्रतिज्ञापत्र चालतं. तारीख मात्र डोळ्यांत तेल घालून भरा. आपला ०५/०३ म्हणजे ५ मार्च, त्यांचा ३ मे. किंडरगार्टनच्या वयाची अट एका तारखेवर असते (कॅलिफोर्नियात १ सप्टेंबर, न्यूयॉर्क शहरात ३१ डिसेंबर), तेव्हा या उलटापालटीत मूल वर्षभर घरी बसू शकतं.

पत्त्यासाठी लीज, विजेचं किंवा गॅसचं बिल. दुसऱ्याच्या घरात राहत असाल, बेसमेंट भाड्याने घेतलं असेल आणि लीजवर नाव नसेल, तर घरमालकाचं सहीचं पत्र किंवा प्रतिज्ञापत्र मागतात. नोकरी गेल्याने किंवा घर सोडावं लागल्याने मित्राच्या घरी दाटीवाटीने राहत असाल, तर मॅकिनी-व्हेंटो कायद्याखाली मूल बेघर धरलं जाऊ शकतं. शब्द मनाला लागतो, पण उपयोगाचा आहे. अशा मुलाला पत्त्याचा, लसींचा, कशाचाही कागद नसला तरी लगेच वर्गात बसवावं लागतं, कागद नंतर. प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये त्यासाठी नेमलेला लिएझॉन (संपर्क अधिकारी) असतो, त्याचं नाव विचारून घ्या.

आता फाइलमधून काय काढून ठेवायचं ते. पासपोर्टचं व्हिसाचं पान, आय-९४, आय-७९७ (इमिग्रेशन खात्याची नोटीस), एम्प्लॉयमेंट कार्ड, कोर्टाची नोटीस. यातलं काहीही शाळेच्या कामाचं नाही. जन्मदाखला असेल तर पासपोर्ट घरीच राहू द्या. सोशल सिक्युरिटी नंबर सक्तीचा करता येत नाही. तो रकाना सरळ कोरा सोडा. शून्यं भरू नका, दुसऱ्याचा नंबर तर स्वप्नातही लिहू नका. न देणं हा तुमचा हक्क आहे, खोटं देणं हा गुन्हा होतो. पालकाचं अमेरिकी लायसन्सच हवं, अशी अट घालणाऱ्या न्यू जर्सीतल्या काही डिस्ट्रिक्टना २०१८ मध्ये कोर्टात खेचण्यात आलं होतं, कारण ज्याचं स्टेटस नाही त्याला त्या वेळी तिथे लायसन्स मिळतच नव्हतं.

लसींचं कार्ड: खरी अडचण इथे येते

इमिग्रेशनच्या भीतीने जेवढे प्रवेश अडत नाहीत, तेवढे लसींनी अडतात. दुभाषी म्हणून नर्सच्या खोलीत बसलं की हे रोज दिसतं. पिवळं पडलेलं कार्ड, त्यावर मुलाचं नाव नाही, नुसतं 'बेबी ऑफ' आणि आईचं माहेरचं नाव. तारखा निळ्या शाईत, दोन ठिकाणी पाण्याने पसरलेल्या. नर्सबाई भिंग घेतल्यासारख्या वाचत राहतात.

तर आधी बालरोगतज्ज्ञाकडून किंवा काउंटीच्या हेल्थ क्लिनिकमधून त्या कार्डाची इंग्रजी, राज्याच्या फॉर्मवरची नोंद करून घ्या. मग तीन गोष्टी तपासा. एक, आपल्या सरकारी दवाखान्यात एमआर देतात, म्हणजे गोवर-रुबेला. शाळेला एमएमआर लागते. गालगुंडाचा भाग राहिलेला असतो. दोन, पोलिओचे थेंब. एप्रिल २०१६ पासून भारतात दिले जाणारे थेंब दोनच प्रकारच्या विषाणूंवरचे आहेत, ते अमेरिकेत पूर्ण डोस म्हणून धरत नाहीत. इंजेक्शनचे डोस किती झालेत ते पाहा, कमी असतील तर इथे घ्यावे लागतील. तीन, कांजिण्यांची लस आपल्या सरकारी वेळापत्रकात नाही, इथे जवळपास सगळीकडे लागते. टीबीची तपासणी मागितली आणि त्वचेची चाचणी पॉझिटिव्ह आली तर घाबरून जाऊ नका, लहानपणी दिलेल्या बीसीजी लसीमुळे तसं होऊ शकतं. रक्ताची चाचणी करा म्हणून सांगा.

विमा नसलेल्या मुलांना 'व्हॅक्सिन्स फॉर चिल्ड्रन' योजनेत लस फुकट मिळते. १९९४ पासून चालू आहे, स्टेटस विचारत नाहीत. टोचण्याचं थोडं शुल्क मागतील, परवडत नसेल तर तसं सांगा. त्यावरून लस नाकारता येत नाही.

फॉर्मवरचे घाबरवणारे रकाने

प्रवेशाच्या गठ्ठ्यात एक कागद घरच्या भाषेचा असतो. मराठी लिहा, बिनधास्त. त्यावरून मुलाची इंग्रजीची चाचणी होते आणि गरज असेल तर वेगळी शिकवणी मिळते. १९७४ च्या 'लाउ विरुद्ध निकोल्स' निकालापासून ही मदत देणं शाळांना बंधनकारक आहे. "पोरगं मागे पडेल" म्हणून इंग्रजी लिहिणारे पालक पाहिलेत. मग तिसरीतलं मूल वर्गात सहा महिने गप्प बसतं आणि सगळे म्हणतात, स्वभावच बुजरा. पालकांनाही महत्त्वाच्या बैठकीत दुभाषी मागता येतो. मुलालाच दुभाषी करू नका.

दुसऱ्या एका फॉर्मवर जन्माचा देश आणि अमेरिकेतल्या शाळेत पहिल्यांदा कधी आलात, असं विचारतात, आणि वर 'इमिग्रंट स्टुडंट' असं छापलेलं असतं. ते वाचून हात थरथरतात. तो रकाना स्टेटसचा नाही. परदेशात जन्मलेलं आणि इथल्या शाळेत तीन वर्षं पूर्ण न झालेलं मूल, एवढाच तिथे अर्थ. शाळेला त्यावर संघराज्याचा निधी मिळतो. ग्रीन कार्डवालं मूलही त्यातच येतं. प्रवेश पक्का झाल्यावर भरला तरी चालतो का, ते विचारा.

जेवणाच्या सवलतीच्या फॉर्ममध्ये घरातल्या एका मोठ्या माणसाच्या सोशलचे शेवटचे चार आकडे मागतात. नसेल तर 'नाही' असा चौकोन असतो, त्यावर खूण करा. सवलतीला स्टेटसची अट नाही.

एक कागद मात्र बहुतेक जण वाचतच नाहीत: डिरेक्टरी इन्फर्मेशन. मुलांच्या नोंदी फर्पा या १९७४ च्या कायद्याने सुरक्षित आहेत. पालकांच्या संमतीशिवाय शाळा त्या सहसा कुणाला देऊ शकत नाही. कोर्टाचा आदेश किंवा रीतसर समन्स आलं तर देता येतात, पण बहुतेक वेळा पालकांना आधी कळवण्याचा प्रयत्न करावा लागतो. पण नाव, पत्ता, फोन, कधी कधी जन्मठिकाण, हे शाळेने 'डिरेक्टरी' म्हणून ठरवलेलं असेल, तर ते संमतीशिवाय बाहेर जाऊ शकतं. वर्षाच्या सुरुवातीला त्याला नकार देण्याची मुदत असते. लेखी नकार द्या, प्रत ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा द्या.

नाही म्हणाले तर

खिडकीवर वाद घालू नका. "हे लेखी द्याल का?" एवढंच विचारा, शांतपणे. निम्म्या अडचणी या प्रश्नाने सुटतात, कारण लिहून द्यायची वेळ आली की कुणीतरी आत जाऊन नियम वाचून येतं. नाही सुटली, तर सुपरिंटेंडंटच्या कार्यालयाला ईमेल, मग राज्याच्या शिक्षण खात्याला. न्यू जर्सीत पत्त्यावरून बोर्डाने नकार दिला, तर २१ दिवसांत शिक्षण आयुक्तांकडे अपील करता येतं. ज्यांच्या मुलाला बोलण्यात, चालण्यात किंवा शिकण्यात अडचण आहे, त्यांनी आणखी एक करा: मूल्यमापनाची लेखी मागणी. विशेष शिक्षणाचा कायदाही स्टेटस पाहत नाही.

आइस दारात आली तर

इथे चित्र बदललं आहे. २०११ पासून आणि २०२१ च्या धोरणात जास्त स्पष्टपणे, शाळा, दवाखाने, प्रार्थनास्थळं यांच्यापासून कारवाई दूर ठेवण्याचं बंधन अधिकाऱ्यांवर होतं. २० जानेवारी २०२५ ला ते धोरण रद्द झालं. म्हणजे 'शाळेत येऊच शकत नाहीत' हे आता खरं नाही.

पण धोरण गेलं, घटना गेली नाही. शाळेचा पुढचा रस्ता, बसथांबा, खुली पार्किंगची जागा सार्वजनिक असते. वर्ग, कॉरिडॉर, नर्सची खोली नाही. तिथे शिरायला संमती, तातडीची परिस्थिती किंवा न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट लागतं. आय-२०० आणि आय-२०५ नावाचे कागद दिसायला वॉरंटच दिसतात, वरती होमलँड सिक्युरिटी खात्याचं नाव असतं आणि खाली सही खात्याच्याच अधिकाऱ्याची. ते कोर्टाचं वॉरंट नव्हे. खऱ्या वॉरंटवर कोर्टाचं नाव, न्यायाधीशाची सही, जागेचा पत्ता आणि तारीख असते. एप्रिल २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या दोन प्राथमिक शाळांत होमलँड सिक्युरिटीची माणसं काही मुलांना भेटायला आली, "कुशल पाहायला आलोय" म्हणाली. मुख्याध्यापकांनी त्यांना आत घेतलं नाही आणि ती परत गेली. त्यानंतर सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियाने कायदाच केला की कोर्टाच्या वॉरंटशिवाय शाळेच्या आतल्या भागात सोडायचं नाही. सगळीकडे असा कायदा नाही. म्हणून आपल्या डिस्ट्रिक्टचं धोरण मागून घ्या आणि वाचा: आलेल्या माणसांशी कोण बोलणार, पालकांना केव्हा कळवणार.

मुलाला शिकवायचं ते थोडकंच. शाळेत कुणी अनोळखी अधिकारी काही विचारू लागला, तर "मला आईबाबांशी बोलायचंय" म्हणायचं आणि गप्प राहायचं. पळायचं नाही, खोटं बोलायचं नाही, कशावर सही करायची नाही. आणि घरचं स्टेटस वर्गात, इन्स्टाग्रामवर, शिक्षकांना लिहिलेल्या निबंधात नको. हायस्कूलच्या पोराला हेही समजवा की मारामारी किंवा व्हेपिंगवरून पोलिसांनी पकडलं आणि बोटांचे ठसे घेतले, तर ते ठसे पुढे इमिग्रेशनच्या यंत्रणेत तपासले जातात. धोका वर्गापेक्षा अशा वाटांनी जास्त येतो. रोज विनालायसन्स गाडी चालवून मुलाला सोडणं हीसुद्धा तशीच वाट. न्यू जर्सीत मे २०२१ पासून स्टेटसशिवाय स्टँडर्ड लायसन्स मिळतं. राज्यात सोय असेल तर वकिलाला विचारून काढा, नसेल तर स्कूल बस.

शाळेतून मूल कोण आणणार

हे ठरवायला लोक टाळाटाळ करतात, अशुभ वाटतं म्हणून. पण शाळा सुटते तीनला, आणि आईबाप दोघंही आले नाहीत तर शाळा फोन करते ते फक्त इमर्जन्सी कार्डावरच्या नावांना. त्या कार्डावर किमान दोन अशी माणसं हवीत ज्यांचं स्वतःचं स्टेटस पक्कं आहे आणि जी खरंच फोन उचलतात. आजींचं एकटं नाव टाकू नका; त्यांचे सहा महिने संपले की त्या पुण्याला परत जातात.

नुसतं नाव पुरत नाही. शाळेचे आणि दवाखान्याचे निर्णय घ्यायला त्या माणसाला अधिकार लागतो. कॅलिफोर्नियात सांभाळणाऱ्या नातेवाइकासाठी ठरावीक प्रतिज्ञापत्राचा नमुना आहे. इतर काही राज्यांत तात्पुरता पालक नेमण्याची सोय आहे. वकिलाकडून नोटराइज करून घ्या. मूल अमेरिकेत जन्मलेलं असेल तर त्याचा पासपोर्ट आधीच काढा, कारण १६ वर्षांखालच्या मुलाच्या पासपोर्टला दोन्ही पालकांची संमती लागते आणि एक जण अटकेत असेल तर ती मिळवता मिळवता नाकी नऊ येतात. पकडलेलं माणूस कुठे ठेवलंय ते आइसच्या ऑनलाइन लोकेटरवर शोधता येतं, ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने त्या माणसाला दिलेला क्रमांक) असेल तर पटकन. तो नंबर घरात दुसऱ्या कुणाकडे तरी लिहिलेला हवा. १८ वर्षांखालची मुलं त्यात दिसत नाहीत. अटकेत असलेल्याला भारतीय वकिलातीला कळवा असं सांगता येतं, पण ते स्वतः मागावं लागतं. ज्यांनी असायलम (आश्रय) मागितलंय, त्यांनी मात्र वकिलाला विचारल्याशिवाय वकिलातीकडे जाऊ नये.

वकील म्हणजे वकीलच. मंडळात 'फॉर्म भरून देतो' म्हणणारे काका चालणार नाहीत. फी परवडत नसेल तर न्याय खात्याने मान्यता दिलेले प्रतिनिधी सेवाभावी संस्थांतून कमी पैशात काम करतात.

अठरानंतर

मूल १८ चं झालं की फर्पाचे हक्क पालकांकडून त्याच्याकडे जातात, तेव्हा डिरेक्टरीचा नकार त्यालाच द्यायला सांगा. कॉलेजला प्लायलर लागू नाही. राज्यातल्या रहिवाशांची कमी फी न्यू जर्सीत २०१३ पासून आणि कॅलिफोर्नियात २००१ पासून आहे, अट सहसा तिथल्या हायस्कूलची. टेक्सासची अशी सवलत, तीही २००१ चीच, जून २०२५ मध्ये कोर्टात संपली. संघराज्याची आर्थिक मदत कागद नसलेल्या विद्यार्थ्याला मिळत नाही, म्हणून त्याने फाफ्सा, म्हणजे त्या मदतीचा अर्ज, भरायची घाई करू नये; राज्याचा वेगळा फॉर्म आहे का ते काउन्सेलरला विचारावं. मूल नागरिक आणि आईबापांकडे कागद नाहीत, असं असेल तर मुलाला मदत मिळू शकते, पण फॉर्मवर आईबापांचीही माहिती जाते. तो निर्णय अकरावीच्या उन्हाळ्यातच, वकिलासमोर बसून घ्या. ऑक्टोबरात फॉर्म उघडला की विचार करायला वेळ उरत नाही.